गोधडीचे रूपक आणि टाक्याचे वाचन

मराठी समीक्षेच्या परिभाषेत ‘ठिगळ’ हा शब्द दोषदर्शक आहे. कादंबरीतील एखादे प्रकरण उपरे वाटले की ते ठिगळासारखे जोडले आहे असे म्हटले जाते; अशी प्रकरणे वाढली की कलाकृतीची गोधडी झाली असा निर्णय होतो. या निर्णयामागे सेंद्रिय एकात्मतेची कल्पना असते. बीजातून झाड वाढावे तशी कलाकृती वाढते, तिचे घटक बाहेरून आणलेले नसतात, अशी ही धारणा आहे. पुढे याच्या नेमके उलट मूल्यमापनही रूढ झाले. अनेकस्वरता, बहुविधता, केंद्राचा अभाव यांचे गौरवचिन्ह म्हणून गोधडीचा उल्लेख होऊ लागला. हे दोन्ही पक्ष परस्परविरोधी दिसले तरी दोघांचीही नजर गोधडीच्या वरच्या बाजूवरच खिळलेली आहे. दोघांनाही तुकडे दिसतात. टाका दिसत नाही.

गोधडी प्रत्यक्षात कशी सिद्ध होते हे पाहिले पाहिजे. विरलेले लुगडे किंवा धोतर अंथरून त्यावर जुन्या कपड्यांचे थर घातले जातात. सदऱ्याचे कोपर, विजारीचा गुडघा असे झिजलेले भाग वगळून अजून तग धरू शकेल तेवढेच कापड घेतले जाते. म्हणजे येथील पहिली क्रिया निवडीची आहे. मग काठाकडून आत सरकत धावदोऱ्याच्या ओळी घातल्या जातात. हा दोरा वरचा तुकडा, मधले थर आणि अस्तर यांतून आरपार जातो. तुकड्यांचे रंग एकमेकांशी जुळतात की नाही यावर गोधडीचे टिकणे अवलंबून नसते. प्रत्येक तुकडा खालच्या, न दिसणाऱ्या थरांशी बांधला गेला आहे की नाही यावर ते अवलंबून असते. मर्ढेकरांनी सांगितलेले संवाद, विरोध आणि समतोल हे लयीचे प्रकार वरच्या रंगसंगतीला लावता येतील. टाक्याची लय मात्र वेगळी आहे. ती हाताच्या श्रमाची आणि काळाची लय आहे, आणि कापडावर तिचा माग उरतो.

हा माग वाचता येतो, हे सूझन ग्लास्पेल या अमेरिकन लेखिकेने ‘ट्रायफल्स’ (१९१६) या एकांकिकेत दाखवले आहे. एका शेतकऱ्याचा खून झाला असून त्याच्या बायकोवर संशय आहे. तिच्या अर्धवट क्विल्टविषयी, म्हणजे तिकडच्या गोधडीविषयी, दोन बायका बोलू लागतात तेव्हा तपासाला आलेले पुरुष हसतात. त्या दोघींना मात्र नीटनेटक्या शिवणीत एकच तुकडा वेडावाकडा शिवलेला आढळतो आणि शिवणारीची मनःस्थिती कळते. त्यांतली एक ते टाके उसवून पुन्हा नीट घालू लागते. वाचणे आणि पुरावा पुसणे या दोन्ही गोष्टी येथे एकाच सुईने होतात. अॅलिस वॉकर यांच्या ‘एव्हरीडे यूज’ (१९७३) या कथेत शिकलेल्या मुलीला आजीच्या जुन्या कपड्यांतून झालेल्या गोधड्या भिंतीवर टांगायच्या आहेत. आई त्या धाकटीला देते, आणि धाकटीला गोधडी शिवता येते. तुकड्यांचा वारसा आणि टाक्याचा वारसा यांतला फरक या कथेने नेमका पकडला आहे.

मराठीत हा फरक जात्यावरच्या ओव्यांच्या संदर्भात कळीचा ठरतो. साने गुरुजींच्या ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या विषयवार लावलेल्या आहेत. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत उभारलेल्या, एक लाखाहून अधिक ओव्यांच्या संग्रहातही विषयवार वर्गीकरण आहे. एवढ्या मोठ्या सामग्रीला वर्गीकरण अटळ होते आणि त्या श्रमाचे ऋण मोठे आहे. परंतु समीक्षेने हे वर्गीकरण म्हणजेच ओवीची रचना असे मानले, तर गोधडी उसवून लाल तुकडे एकीकडे आणि निळे दुसरीकडे रचल्यासारखे होते. दळणाऱ्या बाईने परंपरेतून आलेली ओवी घेतली, तीत आपल्या भावाचे नाव घातले, मग सासरची, मग विठ्ठलाची ओवी तिला जोडली. या क्रमात तिची निवड आहे. म्हणून तिचे कर्तृत्वही आहे. सुटी ओवी परंपरेची असेल, ओव्यांमधला दोरा तिचा आहे. या संग्रहातील गायनाची ध्वनिमुद्रणेही उपलब्ध असल्याने हा क्रम ऐकून तपासणे अशक्य नाही. तसे न करता या रचनेला विस्कळित म्हणणे, किंवा ती विस्कळित आहे म्हणून तिचा गौरव करणे, दोन्ही सारखेच अपुरे आहे.

येथे एक धोकाही आहे. गोधडीवरील भावुक लेखनात ‘मायेची ऊब’ एवढेच उरते आणि अभाव नाहीसा होतो. जनाबाईच्या आख्यायिकेत विठ्ठल घाईत तिची वाकळ पांघरून देवळात परततो. त्या कथेचा अर्थ वाकळ ही दासीची, गरिबीची वस्तू असण्यावर उभा आहे; तिचे वस्त्रप्रदर्शनातील नमुन्यात रूपांतर केले की कथाच कोसळते. कपडा टाकून देणे परवडत नव्हते म्हणून ही कला जन्मली, हे तिच्या सौंदर्यविचारातून वगळता येणार नाही.

म्हणून ‘गोधडी’ ही संज्ञा निंदेसाठी वा स्तुतीसाठी वापरण्यापूर्वी समीक्षकाने ती उलटी करून पाहावी. मागच्या बाजूला तुकडे पुष्कळदा दिसतच नाहीत. एका जुन्या लुगड्यावर टाक्यांच्या ओळी तेवढ्या दिसतात. संहितेत अशा ओळी सापडत नसतील तर ती ठिगळे आहेत असे खुशाल म्हणावे. सापडल्या तर मात्र एकात्मतेची आपली कल्पनाच तपासून घेणे भाग आहे.