मालिकांचे एकच गाव

आमच्या घरात सध्या एक वाद चालू आहे आणि तो मिटण्याची चिन्हे नाहीत. 'लागिरं झालं जी' ह्या २०१७ साली सुरू झालेल्या मालिकेतला भैय्यासाहेब आणि 'देवमाणूस' ह्या २०२० सालच्या मालिकेतला डॉक्टर अजितकुमार देव हे दोघे एकच, असे माझ्या आईचे म्हणणे आहे. "तिकडं त्याला ऱ्हायला जमंना. मग नाव बदललं, सुई घेतली आन् ह्या गावात येऊन बसला." मी तिला समजावले की दोन्ही कामे किरण गायकवाड ह्या एकाच नटाने केली आहेत. ती म्हणाली, "ते मला म्हाईत हाय लेका. मी काय येडी हाय?" पुढे कथेत त्या तोतया डॉक्टरचे खरे नाव देवीसिंग निघाले. आता आईचा सिद्धान्त कोसळला असे मला वाटले. तिने क्षणभर विचार केला. "देवीसिंग तरी खरं कशावरनं?"

पांढरपेशा समीक्षकाला ह्यात अडाणी प्रेक्षकाचा भाबडेपणा दिसेल. नट आणि पात्र ह्यांतला फरक त्याला कळत नाही, असे तो म्हणेल. फरक आईला चांगला कळतो. कळूनही ती दोन गोष्टी एकत्र जोडते, त्यासाठी पुरावे गोळा करते, विरोधी पुरावा आला की त्याचीही वासलात लावते. हाच उद्योग अमेरिकेत शिकल्यासवरल्या लोकांनी केला, तेव्हा मात्र त्याचा बोलबाला झाला.

तिकडे 'सेंट एल्सव्हेअर' नावाची इस्पितळावरची मालिका १९८२ ते १९८८ ह्या काळात चालली. शेवटच्या भागात असे सूचित केले की हे सारे इस्पितळ टॉमी वेस्टफॉल ह्या स्वमग्न मुलाच्या कल्पनेतले होते. त्याच्या हातात काचेचा एक गोळा आहे आणि त्यात त्या इमारतीची छोटी प्रतिकृती आहे. येथवर ठीक. परंतु ह्या इस्पितळातले डॉक्टर 'चीअर्स' ह्या दुसऱ्या मालिकेतल्या दारूच्या गुत्त्यात जाऊन बसले होते. म्हणजे तो गुत्ताही मुलाच्या मनातला. त्यांच्यातले एक पात्र पुढे 'होमिसाइड' ह्या पोलिसी मालिकेत आले. तिथला मंच नावाचा गुप्त पोलिस 'लॉ अँड ऑर्डर', 'एक्स-फाइल्स', 'द वायर' अशा कितीतरी मालिकांत वावरला. रिचर्ड बेल्झर हा एकच नट त्याचे काम सगळीकडे करी. धागा ओढता ओढता रसिकांनी असे ठरवले की अमेरिकेच्या दूरचित्रवाणीचा मोठा भाग त्या एका मुलाचे स्वप्न आहे.

ह्या कल्पनेची मांडणी ड्वेन मॅकडफी ह्या लेखकाने २००२ साली केली. त्यांचे नाव आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावे. मॅकडफी कृष्णवर्णीय होते. चित्रकथांच्या जगात काळे नायक ठरावीक साच्यातलेच का, ह्यावर त्यांनी मार्व्हल कंपनीला एक उपरोधिक प्रस्ताव पाठवला होता. १९९३ साली त्यांनी सहकाऱ्यांसह माइलस्टोन ही स्वतःची संस्था काढली आणि डाकोटा नावाचे काल्पनिक शहर वसवले. त्या शहरात काळी माणसे पाहुणी नव्हती, रहिवासी होती. टॉमी वेस्टफॉलची गोष्ट त्यांनी थट्टेने लिहिली होती. चित्रकथांचे वाचक प्रत्येक कथेचा प्रत्येक कथेशी मेळ घालण्याचा हट्ट धरतात. तो हट्ट शेवटपर्यंत नेला तर काय उरते, हे त्यांना दाखवायचे होते. लोकांनी थट्टा विसरून सिद्धान्त उचलला.

आता हा उद्योग आपल्याला नवा आहे काय? पुराणांचा सारा पसारा एकाच विश्वाचा आहे. एका ग्रंथातला ऋषी दुसऱ्यात शाप देतो, तिसऱ्यात उःशाप. त्या विश्वाचे नियम कोणी ठरवले आणि त्यात आमच्या वाट्याला कोणत्या भूमिका आल्या, हे नव्याने सांगायला नको. सांगायचे ते असे की त्या विश्वाला पहिला शहाणा प्रश्न विचारणारी माणसे आपलीच आहेत. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त अवतारांच्या सुट्या कथा एकत्र लावल्या आणि त्या आक्रमणांचा सलग इतिहास म्हणून वाचल्या. बाबासाहेबांनी १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते?' ह्या ग्रंथात त्याहून काटेकोर काम केले. महाभारताच्या शांतिपर्वात यज्ञ करणारा पैजवन नावाचा एक शूद्र येतो. ऋग्वेदात सुदास राजा येतो, आणि त्यालाही पैजवन म्हटले आहे. हे दोघे एकच, असे बाबासाहेबांनी वंशावळी तपासून मांडले. राजा जर शूद्र असेल, तर शूद्र हा मुळातला चौथा वर्ण कसा? एक पात्र दोन ग्रंथांत सापडले आणि त्याने दोन्ही ग्रंथांची साक्ष पालटली. विद्वानांनी ह्या निष्कर्षाशी वाद घालावा, पद्धतीचे मोल त्याने कमी होत नाही. माझी आई ह्याच पद्धतीची आहे असे म्हणण्याचा मोह मी आवरतो, पण पूर्ण आवरता येत नाही.

मराठी वाहिन्या स्वतःच आता आपल्या मालिकांचे एक विश्व करू पाहतात. दोन मालिकांतली घराणी एका लग्नात गाठ घालतात, त्याला महासंगम म्हणतात. 'आता होऊ दे धिंगाणा'सारख्या कार्यक्रमात एका मालिकेचे कुटुंब दुसऱ्या मालिकेच्या कुटुंबाशी गाण्यांच्या भेंड्या खेळते. धंद्याचा हेतू उघड आहे: एका मालिकेचा प्रेक्षक दुसरीकडे वळवायचा. पण एकदा विश्व एक आहे म्हटले की त्याचा हिशेब मागता येतो.

हा हिशेब माझ्या एका विद्यार्थिनीने मागितला. स्टार प्रवाह ह्या एकाच वाहिनीवर २०१९ आणि २०२० साली डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनावरची मालिका चालली. त्याच वाहिनीवर डिसेंबर २०१९ मध्ये 'आई कुठे काय करते' सुरू झाली आणि ऑगस्ट २०२० मध्ये कोल्हापूरच्या शिर्के-पाटलांची 'सुख म्हणजे नक्की काय असतं'. मुलीचे म्हणणे असे : हे सगळे एका विश्वात घडत असेल, तर शिर्के-पाटलांच्या घराबाहेर कुठेतरी बुद्धविहार असलाच पाहिजे. त्या विश्वात चवदार तळे झाले आहे, १९५६ची दीक्षा झाली आहे. मग ती माणसे गेली कुठे? त्यांची नातवंडे काय करतात? जयदीप आणि गौरी ह्यांचा पुढे पुनर्जन्म झाला. आत्माच नाकारणारा धम्म ज्या विश्वात स्वीकारला गेला, त्याच विश्वात पुनर्जन्म कसा?

वर्गात हशा झाला. मला हसू आले नाही, कारण तिच्या प्रश्नाचा अर्धा जाब मालिकांतच आहे. ह्या साऱ्या कथा कशावर चालतात ते पाहावे. घटस्फोट, वाटणी, दत्तक, दुसरे लग्न. 'आई कुठे काय करते'मधली अरुंधती घटस्फोट घेते, ह्यावर महाराष्ट्रातल्या घराघरांत चर्चा झाली. हिंदू स्त्रीला हा हक्क कायद्याने १९५५ साली सर्वत्र मिळाला; वारसा आणि दत्तक ह्यांचे कायदे १९५६ साली झाले. ज्या हिंदू संहितेचे तुकडे होऊन हे कायदे आले, तिच्यासाठी बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. तेव्हा दुपारच्या वेळी सोफ्यावर बसून वारसाहक्काचे कारस्थान करणाऱ्या प्रत्येक सासूच्या घरात ते आहेतच. त्यांच्याशिवाय कथानक एक पाऊल पुढे सरकत नाही. त्यांच्या माणसांना मात्र कथेत खोली मिळत नाही.

खोलीचा विषय निघालाच आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा शहरात भाड्याने खोली पाहत होतो. मालक आडनाव विचारीत. तिसऱ्या ठिकाणी मी गावाचे नाव पुढे केले, मुडशिंगीकर म्हणून. खोली मिळाली. बाबूराव बागुलांनी १९६३ साली जी कथा पुस्तकाच्या शीर्षस्थानी ठेवली तिचे नाव आठवून मी त्या रात्री झोपलो नाही, आणि ती खोलीही वर्षभर सोडली नाही. आईला हे ठाऊक आहे. म्हणून नाव बदलून परगावात येऊन बसलेला माणूस तिला चटकन ओळखू येतो. फरक एवढाच की मालिकेतला माणूस खुनी आहे, आणि गाव त्याला देवमाणूस म्हणते. "नाव बदलल्यावर त्याला कुणी काय इचारलं न्हाई," असे ती एकदा म्हणाली, आणि माझ्याकडे न पाहता चुलीकडे गेली.

आता आक्षेपाकडे वळतो. आमचे काही मित्र म्हणतात की त्यांच्या स्वप्नात आपली जागा शोधणे हीच लाचारी आहे. आपण आपले डाकोटा वसवावे. मॅकडफींनी तेच केले. मी बऱ्याच अंशी सहमत आहे. टॉमी वेस्टफॉलच्या गोळ्यात आणखी एक खोली बांधून मिळाली तरी गोळा त्याच्याच हातात राहतो. मात्र ह्याच मॅकडफींच्या डाकोटाचे नायक १९९४ साली सुपरमॅनच्या जगाशी जाऊन भिडले, हेही विसरू नये. स्वतःचे गाव असल्यावर दुसऱ्याच्या गावात जाण्याची रीत बदलते. आमच्या आत्मकथनांनी असे गाव वसवले आहे. दूरचित्रवाणीवर ते अजून वसलेले नाही. एका महापुरुषाची मालिका म्हणजे गाव नव्हे. तिथे इतिहास स्वतंत्र पेटीत ठेवला जातो आणि पेटीची किल्ली शेजारच्या मालिकेला लागत नाही.

माझ्या गडमुडशिंगीपासून वसगडे जवळ आहे. 'तुझ्यात जीव रंगला' ह्या २०१६ साली सुरू झालेल्या मालिकेचे चित्रीकरण तिथे झाले. राणादाचा वाडा पाहायला लांबून गाड्या येत. मीही पत्नीला घेऊन गेलो होतो. वाडा पाहिला, तालमीविषयी ऐकले आणि मग नेहमीच्या सवयीने आपली वस्ती कुठल्या बाजूला आहे ते पाहून आलो. गावात वस्ती आहे. मी पाहिलेल्या भागांत ती नव्हती. कुस्तीच्या प्रसंगांत हलगी होती. आमच्याकडे हलगीशिवाय कुस्तीचे मैदान होत नाही आणि ती कोणाच्या हातात असते हे करवीर तालुक्यात कोणाला सांगावे लागत नाही. पडद्यावर मात्र पैलवानाची मांडी दिसे, शड्डू दिसे, फेटेवाले पाटील दिसत. हलगी ऐकू येई.

मी हे आईला बोलून दाखवले. तेव्हापासून तिचा दुसरा सिद्धान्त सुरू झाला आहे. तिच्या मते सगळ्या मालिकांतल्या लग्नात, जत्रेत, कुस्तीत वाजवणारा गडी एकच आहे. त्याचा हात ती ओळखते. राणादाच्या मैदानात तोच होता, साताऱ्याकडच्या मालिकेतल्या वरातीत तोच, देवाच्या मालिकेतही तोच. मी म्हटले, आवाज आधीच ध्वनिमुद्रित केलेला असेल, तोच पुन्हा पुन्हा लावत असतील. "आसंल," ती म्हणाली, "पर पयल्यांदा कुणीतरी वाजीवली आसंलच की." आणि महासंगमाचा भाग लागला की दोन्ही घराण्यांच्या गर्दीत, मांडवाच्या कडेला, ती त्याचे तोंड शोधत बसते.