'वर्थ' आणि 'बालोर'

१९४५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे स्वाक्षरित झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या उद्देशिकेत मानवी व्यक्तीची प्रतिष्ठा आणि तिचे मोल यांवरील विश्वास पुनश्च व्यक्त केलेला आहे. इंग्रजी संहितेत या ठिकाणी 'डिग्निटी' व 'वर्थ' हे शब्द आहेत. स्पॅनिश संहितेत 'दिग्निदाद' व 'बालोर' हे आहेत. (लॅटिनमधील आद्य 'व' स्पॅनिश उच्चारात 'ब' होतो, म्हणून 'बालोर'.) सनदेच्या १११व्या अनुच्छेदानुसार चिनी, फ्रेंच, रशियन, इंग्रजी आणि स्पॅनिश या पाचही संहिता सारख्याच प्रमाण आहेत. तेव्हा विधिदृष्ट्या 'बालोर' हा 'वर्थ'चा अनुवाद नव्हे. दोन्ही शब्द मूळच होत. परंतु त्यांना समान मानण्याचा अधिकार कायद्याला असला, तरी त्या दोन भाषांना ही समानता कितपत मान्य आहे, हा प्रश्न उरतोच.

द्वैभाषिक कोश हा प्रश्न फार लवकर निकालात काढतात. 'वर्थ' म्हणजे 'बालोर', 'व्हॅल्यू' म्हणजेही 'बालोर', एवढे नोंदवून ते पुढे जातात. वस्तुतः इंग्रजीत जर्मानिक कुळातील 'वर्थ' आणि फ्रेंचमार्गे लॅटिनमधून आलेला 'व्हॅल्यू' हे दोन शब्द शतकानुशतके शेजारी नांदत आले आहेत. १८६७ साली प्रसिद्ध झालेल्या 'कॅपिटल'च्या पहिल्या खंडातील एका तळटीपेत मार्क्सने या शेजाराची दखल घेतली आहे. सतराव्या शतकातील इंग्रज लेखक उपयोगमूल्याला 'वर्थ' आणि विनिमयमूल्याला 'व्हॅल्यू' म्हणताना पुष्कळदा आढळतात, आणि प्रत्यक्ष वस्तूस जर्मानिक शब्द तर तिच्या प्रतिबिंबास रोमान्स शब्द देण्याकडे त्या भाषेचा कलच आहे, असे त्याचे निरीक्षण आहे. निरीक्षणात थोडा विनोदही असावा. स्पॅनिश अनुवादकापुढे मात्र ही टीप अडचण उभी करते. दोन्ही शब्द 'बालोर'मध्ये ओतले, तर टीपेला आशयच उरत नाही. त्यांना इंग्रजी रूपातच उभे ठेवणे, एवढाच मार्ग त्याच्यापुढे राहतो.

शब्दाचे मूल्य त्याच्या शेजारच्या शब्दांशी असलेल्या विरोधातून सिद्ध होते, हा सोस्यूरचा सिद्धान्त सुपरिचित आहे. इंग्रजीत मेंढीच्या मांसाला 'मटन' हा वेगळा शब्द असल्यामुळे 'शीप' हा शब्द प्राण्यापुरताच राहतो. फ्रेंच 'मूताँ' दोन्ही अर्थ वाहतो. १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या व्याख्यानांचा अमादो आलोन्सो यांनी केलेला स्पॅनिश अनुवाद १९४५ साली ब्वेनोस आयरेस येथे निघाला. त्यात या संकल्पनेची संज्ञा 'बालोर' हीच आहे, आणि तो सिद्धान्त लावून पाहण्यास याहून चांगला शब्द क्वचितच सापडेल! 'वर्थ'सारखा प्रतिस्पर्धी नसल्यामुळे 'बालोर'चे क्षेत्र विस्तृत आहे. मूळ लॅटिन 'वालेरे' या धातूचा अर्थ सबल असणे. त्या धातूपासून इंग्रजीत मोलासाठी 'व्हॅल्यू' आणि शौर्यासाठी 'व्हॅलर' अशी दोन वेगळी रूपे रुजली. स्पॅनिशमध्ये शौर्य आणि मोल एकाच शब्दात राहिले. त्याचे अनेकवचन 'बालोरेस' नीतिमूल्यांना लागते, तसेच रोखेबाजारातील रोख्यांनाही. परिणामी 'मॅन ऑफ वर्थ'चा 'ओम्ब्रे दे बालोर' असा शब्दशः अनुवाद केल्यास वाचकासमोर योग्यतेचा पुरुष न येता शूर पुरुष उभा राहण्याचा संभव अधिक. तेथे 'बालीआ' हा शब्द हवा.

शब्दार्थाहूनही खोल भेद व्याकरणात आहे. 'वर्थ' हे इंग्रजीतील एक चमत्कारिक विशेषण होय. ते शब्दयोगी अव्ययाप्रमाणे आपल्यामागून कर्म मागते: दहा पौंड, एक प्रवास, वाचणे. मराठीत 'वाचण्याजोगे' म्हणताना 'जोगे' हे काहीसे असेच काम करते. स्पॅनिशमध्ये या विशेषणाची जागा 'बालेर' हे क्रियापद घेते. मोल ही वस्तूची स्थिती न राहता तिची क्रिया होते. इंग्रजी 'वर्थव्हाइल'मधील 'व्हाइल' म्हणजे वेळ. एखादी गोष्ट करण्याजोगी आहे की नाही, हे तो शब्द खर्ची पडणाऱ्या वेळेवर तोलतो. स्पॅनिश 'बाले ला पेना' तीच गोष्ट कष्टांवर तोलते. 'पेना' म्हणजे क्लेश, दुःख, शिक्षासुद्धा. स्पेनमध्ये 'मेरेसे ला पेना' हे रूप अधिक रूढ आहे आणि त्यात पात्रतेची छटा मिसळते. दोन्ही रूपे रोजच्या वापराने इतकी गुळगुळीत झाली आहेत की बोलणाऱ्याला त्यांतील दुःख जाणवत नाही. मात्र मूळ इंग्रजी वाक्यच दुःखाविषयी किंवा वेळेविषयी असेल, तेव्हा हा झोपलेला अर्थ जागा होतो आणि अनुवादकाची अचानक अडचण होते.

'क्वान्तो बाले?' हा बाजारातील रोजचा प्रश्न. त्यात 'याचे मोल काय' आणि 'हे कितीला' यांत भेद राहत नाही. यावरून स्पॅनिश भाषकाला किंमत आणि मोल यांतील अंतर कळत नाही, असे अनुमान कोणी काढील तर ते उतावळेपणाचे ठरेल. आन्तोनिओ माचादो या कवीने 'बालोर' आणि 'प्रेसिओ' यांच्या गल्लतीवरच बोट ठेवलेले आहे. व्यक्ती कर्तृस्थानी आली की तर हे अंतर स्पॅनिशमध्येच अधिक स्पष्ट दिसते. अमुक गृहस्थ इतक्या दशलक्षांचा 'वर्थ' आहे, असे इंग्रजी निःसंकोच म्हणते. स्पॅनिश त्याच गृहस्थाजवळ तेवढी 'फोर्तुना' आहे असे म्हणते, आणि हिशेबनीस 'नेट वर्थ'ला 'पात्रिमोनिओ नेतो' म्हणतो. म्हणजे संपत्ती माणसापासून वेगळी काढून त्याच्या पुढ्यात ठेवली जाते. 'बाले मुचो' असे एखाद्या व्यक्तीविषयी म्हटल्यास तिची कर्तबगारी अभिप्रेत असते. दशलक्षांचा आकडा 'बाले'शी जुळतो तो फुटबॉलपटूच्या बाबतीत, कारण तेथे खेळाडूची खरोखरच खरेदी होते. मराठीत 'त्याला घरात किंमत नाही' या वाक्यात बाजाराचा शब्द मानासाठी वापरला जातो. दिशा वेगळी असली तरी चमत्कार तोच.

नकारार्थी शब्दांत एक सापळा आहे. अमोल या अर्थी 'इनाप्रेसिआब्ले' हा शब्द चालतो, पण अतिसूक्ष्मतेमुळे जाणवूही नये अशा गोष्टीलाही तोच लागतो. मदत 'इनाप्रेसिआब्ले' असेल तर ती अनमोल, फरक 'इनाप्रेसिआब्ले' असेल तर तो नगण्य. येथे निर्णय केवळ विशेष्याच्या हाती आहे, आणि सावध अनुवादक 'इनेस्तिमाब्ले'कडे वळतो.

हे सारे ध्यानात घेऊन सनदेकडे परत पाहिले असता 'बालोर' ही निवड कोशाच्या आहारी जाऊन झालेली वाटत नाही. 'बालीआ' तेथे चुकीचा ठरला असता, कारण 'बालीआ' एकाची अधिक आणि दुसऱ्याची कमी असू शकते. 'मेरितो' तर कमवावा लागतो. जन्मतः तो कोणाचाच नसतो. उद्देशिकेला अभिप्रेत असलेले मोल सर्वांचे सारखे आणि कोणीही न कमावलेले आहे. 'बालोर'ला चिकटलेले शौर्य आणि भाव हे अर्थ शेजारच्या 'दिग्निदाद'मुळे दूर सारले जातात. एकटा 'बालोर' हे काम करू शकला नसता. जोडीने आल्यामुळेच तो ते करतो.

मात्र आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या १९५१ सालच्या शंभराव्या कराराने पुढचा पेच निर्माण केला आहे. समान मोलाच्या कामासाठी स्त्रीपुरुषांना समान मोबदला, हा त्याचा विषय. त्याच्या इंग्रजी संहितेत 'वर्थ' नाही, 'व्हॅल्यू' आहे. स्पॅनिशमध्ये मात्र पुन्हा 'बालोर'च. या 'बालोर'चे मापन व्हावे, कामाचे वस्तुनिष्ठ मूल्यमापन करून तो ठरवावा, अशी त्या कराराची अपेक्षा आहे, आणि मूल्यमापनासाठी योजलेला 'एबालुआसिओन' हा शब्दही त्याच धातूचा. सनदेतील 'बालोर' कोणत्याही मापनास नकार देतो. श्रमिक स्त्रीच्या हक्कांविषयीच्या एखाद्या स्पॅनिश लेखात हे दोन्ही 'बालोर' एकाच वाक्यात आले, तर तेथील वाचकाला त्यांचे नाते आपोआप ऐकू येते. ते वाक्य इंग्रजीत आणणाऱ्याला मात्र प्रत्येक वेळी 'वर्थ' लिहावे की 'व्हॅल्यू' हे ठरवावे लागते, आणि कोणताही शब्द निवडला तरी ते नाते तुटते.