शेपटी ओळखली, प्रथिन ओळखले का?

प्रथिनांच्या शुद्धीकरणावरील पाठात एक आकृती हमखास असते. नळीत मणी, मण्यांवर निकेल; गर्दीतील एकच प्रथिन आपल्या शेपटीने मण्याला चिकटलेले आणि बाकीची वाहून चाललेली. खाली ओळ असते : ‘शुद्ध प्रथिन मिळते.’ आकृती सुबक आहे. तक्रार आहे ती या ओळीबद्दल.

स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे होखुली व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये ही युक्ती मांडली. जनुकाच्या टोकाला सहा हिस्टिडिनांचा संकेत जोडला की जीवाणू प्रथिनाला तशी शेपटी लावून देतो. निकेलच्या आयनाला सहा बंध जोडता येतात. चार मण्यावरील रेणूने व्यापलेले असतात, उरलेल्या दोन जागी शेपटी अडकते. नंतर इमिडाझोल ओतले की प्रथिन सुटते. कारण हिस्टिडिनच्या रेणूत इमिडाझोलचेच वलय असते आणि ते त्या जागा बळकावते. इथवर आकृती बरोबर आहे.

पण निकेल ओळखते ते शेपटीला, प्रथिनाला नव्हे. ई. कोलाय जीवाणूच्या स्लायडी या स्वतःच्या प्रथिनात एका टोकाशी हिस्टिडिनची दाटी असते. तेही आगंतुकासारखे मण्यांना चिकटते. शेपटी सुरुवातीच्या टोकाला असेल, तर अर्धवट तयार झालेली साखळीही पकडली जाते. इतकेच काय, तीव्र युरियात घडी पूर्ण उलगडलेले, निकामी प्रथिनसुद्धा निकेलला चिकटते!

१९६८ मध्ये क्वाट्रेकासास, विल्चेक व आन्फिन्सेन यांनी मण्यांवर विकराचा निरोधक रेणू बसवला होता. तिथे विकर चिकटे ते आपल्या कार्यस्थळाने. म्हणजे चिकटणे हाच त्याच्या ओळखीचा एक पुरावा होता. शेपटीच्या पद्धतीत सोय वाढली, जवळजवळ कोणत्याही प्रथिनाला ती चालते. मात्र हा पुरावा हातचा गेला. तो वेगळा मिळवावा लागतो : जेलवर एकच पट्टा दिसतो का, आणि प्रथिन आपले काम करते का?

पाठ्यपुस्तके हा भाग गाळतात. मग ‘शुद्ध’ हा तपासायचा दावा न राहता नळीचा गुणधर्म ठरतो. शिक्षकांनी आकृती जरूर काढावी, पण शेजारी जेलही काढावे आणि विचारावे : शेपटी न जोडलेल्या जीवाणूंचा अर्क याच नळीतून सोडला, तर इमिडाझोल ओतल्यावर काहीच बाहेर येणार नाही का?