'मिनोदिएर' : नाव, ठसा आणि बिजागरी

पॅरिस येथील व्हान क्लीफ आणि आर्पेल या जवाहिऱ्यांच्या पेढीने १९३३ च्या सुमारास पावडर, लाली, आरसा, सिगारेटी असा स्त्रीचा सारा सरंजाम एका चपट्या मौल्यवान पेटीत सामावला आणि तिला 'मिनोदिएर' हे नाव दिले. तत्पूर्वी अशा पेटीस फ्रेंचमध्ये 'नेसेसेर', म्हणजे आवश्यक वस्तूंचा संच, असे म्हणत. जुने नाव उपयोग सांगते. नवे नाव मूलतः वस्तूचे नव्हेच. लाडिक हावभाव करणाऱ्या स्त्रीस ते लागते. पेढीच्या वृत्तान्तानुसार आल्फ्रेद व्हान क्लीफ यांच्या पत्नी एस्तेल यांच्या मोहक वागणुकीवरून ते सुचले. हा अर्थबदल निरुपद्रवी नाही. समीक्षेची दृष्टी त्याने पेटीवरून ती हाती धरणाऱ्या स्त्रीकडे वळविली.

वस्तुतः अशा पेटीची परीक्षा बिजागरीपाशी करावयास हवी. सोन्याचे पत्रे झाळून पेटी उभी करताना आचेने पत्रा किंचित जरी मुरडला, तरी झाकण बसत नाही व पावडर सांडते. झाकण घट्ट बसावे, पण अंगठ्याच्या दाबाने उघडावे, या दोन परस्परविरोधी अटी एकाच कडेवर पाळावयाच्या असतात. बिजागरीच्या बारीक नळ्या आळीपाळीने झाकणास व बुडास झाळावयाच्या, कानशीने घासावयाच्या, मग त्यांतून खीळ ओवावयाची. आणि सांधा बाहेरून दिसता कामा नये. रोगणास आच सोसत नाही, यास्तव ते काम झाळण्यानंतरच. नक्षीवर लुब्ध झालेला रसिक या क्रमाचा विचारही करीत नाही.

पेढीसाठी या पेट्या घडविणाऱ्यांत आल्फ्रेद लाँग्ल्वा यांची कार्यशाळा नामांकित होती. फ्रान्समध्ये १७९७ च्या कायद्यापासून घडविणाऱ्याचा ठसा समभुज चौकोनात, आद्याक्षरे व चिन्ह यांसह, उमटविला जातो. सोन्याच्या कसाची ग्वाही १८३८ पासून गरुडमस्तकाचा ठसा देतो. पेढीचे नाव सहज वाचता येते, चौकोन मात्र भिंगावाचून नाही. तरीही कर्तृत्वाच्या निर्णयात प्रमाण मानावयाचा तो हाच लेख.

व्लादिमिर माकोव्स्की यांचे उदाहरण अपवादात्मक खरे. शिंपल्याचे तुकडे व रोगण यांनी सजविलेले त्यांचे चित्रफलक १९२० च्या दशकात निरनिराळ्या पेढ्यांच्या पेट्यांवर बसविले गेले, आणि काहींवर त्यांची स्वाक्षरीही आढळते. परंतु ती स्वाक्षरी फलकाची आहे, पेटीची नव्हे.