आराखडा आधी की प्रश्न आधी? : जॉन मॅकफी वाचताना

मुलाखतींच्या चार वह्या भरल्यात, मोबाईलमध्ये रेकॉर्डिंगं पडून आहेत आणि दुसऱ्या प्रकरणाचं पहिलं वाक्य काही केल्या सुचत नाही. तुमचं असं झालंय का? माझं झालं होतं. तेव्हा गाईडनी जॉन मॅकफी यांचं ‘ड्राफ्ट नंबर ४’ (२०१७) हातात दिलं. त्या पुस्तकानं मला सोडवलं, आणि नंतर अडकवलंही. दोन्ही सांगतो.

मॅकफी १९३१ साली अमेरिकेत प्रिन्स्टनला जन्मले. आधी ‘टाइम’मध्ये नोकरी, मग १९६५ पासून ‘द न्यू यॉर्कर’मध्ये लेखन. १९७५ पासून ते प्रिन्स्टन विद्यापीठात सत्यकथनात्मक लेखन शिकवू लागले. ‘द न्यू यॉर्कर’चे संपादक डेव्हिड रेमनिक हे त्यांचेच विद्यार्थी. भूशास्त्रावरच्या ‘ॲनल्स ऑफ द फॉर्मर वर्ल्ड’ला १९९९ चं पुलित्झर मिळालं.

एवढा मोठा माणूस, पण १९६६ मध्ये न्यू जर्सीतल्या पाइन बॅरन्स या जंगलपट्ट्यावर लिहायला बसला आणि अडकला. माहिती ढीगभर, सुरुवात सापडेना. जवळजवळ दोन आठवडे अंगणातल्या टेबलावर आडवा पडून होता! शेवटी जंगलात राहणाऱ्या एका म्हाताऱ्याची भेट हा धागा सापडला आणि बाकीचं सगळं त्याभोवती गुंफता आलं. त्यांची रीत साधी आहे. सगळी टिपणं टाइप करायची, विषयवार खुणा करायच्या, एकेका भागाचं एकेक कार्ड करायचं आणि क्रम लागेपर्यंत कार्डं हलवत बसायचं. मग एका वेळी एकाच भागाची टिपणं समोर घ्यायची. हे जरूर करून बघा. भीती निम्मी होते.

आता माझा आक्षेप. ‘एन्काउंटर्स विथ द आर्चड्रुइड’ (१९७१) लिहिताना मॅकफींनी आराखडा आधी ठरवला, माणसं नंतर शोधली. तीन माणसं अ, ब, क आणि त्या प्रत्येकाशी गाठ पडणारा चौथा ड. ड झाले पर्यावरणवादी डेव्हिड ब्राउअर. समोर एक खाणतज्ज्ञ, एक बांधकाम विकासक आणि धरणं बांधणारे सरकारी अधिकारी फ्लॉइड डॉमिनी. ब्राउअर आणि डॉमिनी कोलोरॅडो नदीत एकाच तराफ्यावर बसून भांडतात, तो भाग अप्रतिम आहे. दोघंही माणूस म्हणून पटतात. पण तराफ्यावर बाजू दोनच. ग्लेन कॅनियन धरणाचा तलाव नवाजो लोकांच्या भूमीला लागून आहे. त्यांना या मांडणीत तिसरी बाजू म्हणून जागा नाही. आणि धरण बरोबर की चूक, हे लेखक वाचकावर सोडतो. पत्रकाराला ते शोभतं. तुम्हाला-मला ती सोय नाही.

मी नेमका तिथेच फसलो. माझं काम कालव्याच्या पाणीवाटपावर. मी तीन शेतकरी आणि एक पाटकरी घेऊन प्रकरण रचलं. गोष्ट झकास जमली. सादरीकरणात एकाच प्रश्नानं ती कोसळली: “हे तिघेच का?” खरं उत्तर असं होतं की ते छान बोलले म्हणून. तिघेही हेडचे. ज्यांच्यापर्यंत पाणी पोचतच नाही, तो टेलचा एकही माणूस प्रकरणात नव्हता. सहा महिन्यांचं लेखन बाजूला ठेवून पुन्हा गावात जावं लागलं.

दोष मॅकफींचा नाही, माझ्या वाचनाचा. मी त्यांची कार्डं घेतली, त्यांची तपासणी सोडली. दुसऱ्या महायुद्धात एक जपानी फुगाबॉम्ब हॅनफर्डच्या अणुभट्टीच्या वीजतारांवर आदळला होता. तेवढी एक गोष्ट पक्की करायला ‘द न्यू यॉर्कर’च्या तथ्यतपासनीस सारा लिपिनकॉट यांनी माणसांमागून माणसं गाठली, हे मॅकफी स्वतःच कौतुकानं लिहितात.

तेव्हा कार्डं मांडा, पण प्रश्नाचं कार्ड सगळ्यात वर ठेवा. प्रत्येक कार्डाला विचारा: हे काढलं तर माझ्या उत्तरात काय बदलेल? काहीच बदलत नसेल तर ते कितीही गोड असो, बाजूला ठेवा. आणि एक कार्ड कोरं ठेवा. त्यावर लिहा: ‘इथे कोण नाही?’ गावातून परतण्याआधी ते भरा. मी परतल्यावर भरलं, म्हणून सांगतोय.