चित्तशुद्धी आणि सोवळे : 'स्मृतिचित्रे'चे एक वाचन

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चे चार भाग १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाले. तेव्हापासून या आत्मचरित्राविषयी मराठीत जे लेखन झाले, त्याचा भर मुख्यतः निवेदनातील विनोद, बोलीच्या वळणाची अकृत्रिम भाषा आणि नारायण वामन टिळकांशी असलेले भांडणाचे व प्रेमाचे नाते यांवर राहिला आहे. यांत चुकीचे काही नाही. परंतु या मांडणीत लेखिकेची ख्रिस्तनिष्ठा ही चरित्रातील एक घटना, फार तर पार्श्वभूमी, एवढीच उरते. धर्म बाजूला काढून ठेवला की निर्मळ वाङ्मयीन संहिता हाती लागते, असा एक अनुच्चारित समज त्यामागे असावा. समीक्षेचे हेही एक सोवळेच म्हणायचे. प्रस्तुत लेखकाच्या मते या संहितेतील निष्ठा वगळली, तर तिच्यातील विनोदाचाही उगम कळत नाही.

ख्रिस्ती परंपरेत सद्विचार आणि मनःशांती यांचा संबंध सांगताना ज्या वचनांचा आधार हटकून घेतला जातो, ती पौलाच्या फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात आहेत. पत्र बंदिवासातून लिहिलेले आहे, हे विसरून चालत नाही. जे सत्य, न्याय्य, शुद्ध, मनोरम, त्याचा विचार करा, असा त्यातील उपदेशाचा आशय. येथे 'विचार करा' यासाठी योजलेले मूळ ग्रीक क्रियापद हिशेब करणे, मोजून पाहणे या अर्थाचेही आहे. आणि देवाची शांती मनाला राखील असे जेथे म्हटले आहे, तेथील 'राखणे' हा पहाऱ्यावरील शिपायाचा शब्द आहे. म्हणजे ही कल्पना सुखद चिंतनाची नव्हे. तीत हिशेब आहे, पहारा आहे, आणि लगेच पुढच्या वचनात आचरणाची आज्ञाही आहे. भाविक उपदेशपर पुस्तकांत हा करडेपणा बहुधा गळून जातो. 'स्मृतिचित्रे'त तो शाबूत आहे.

पौलाच्या यादीतील 'शुद्ध' हा शब्द लक्ष्मीबाईंच्या जीवनात फार आधी आणि फार वेगळ्या अर्थाने शिरला होता. १८५७च्या धामधुमीनंतर त्यांच्या वडिलांच्या सासऱ्यांना फाशी झाली. त्या धक्क्याने वडिलांच्या डोक्यात सोवळ्याने घर केले, आणि घरात येणारा जिन्नस धुऊन घेण्यापर्यंत मजल गेली. आत्मचरित्राचा प्रारंभ या वेडापासून व्हावा, हे केवळ कालक्रमामुळे घडले असे मला वाटत नाही. शुद्धता ही भीतीची संतती असते, ती जितकी पाळावी तितकी अशांती वाढवते, हे सूत्र निवेदिकेने पहिल्याच पानांत, कोणतेही भाष्य न करता, मांडून ठेवले आहे. वाचक हसतो, पण हसू ओसरल्यावर त्या घरातील मुलांचा धाक शिल्लक राहतो.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचा १९०० सालचा. मधल्या काळाचे कथन हा या ग्रंथाचा गाभा होय. प्रथम वियोग, पंढरपूरचा मुक्काम, शोक. पुढे ख्रिस्ती पतीच्या घरी येऊनही वेगळी चूल आणि वेगळे पाणी. एकाच छपराखाली दोन धर्म नांदत होते, आणि सीमारेषा पाण्याच्या भांड्यावरून जात होती. ती रेषा पुसली गेली ती कोणाच्या प्रवचनाने नव्हे. जाती देवाने निर्मिल्या की माणसाने, हा प्रश्न ही स्त्री स्वतःशी घोळवते, त्या माणसाने केल्या असे तिचे उत्तर येते, आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय होतो. ख्रिस्ताचा स्वीकार त्यानंतरचा. हा क्रम महत्त्वाचा आहे. श्रद्धा आली आणि मन निवळले, असे येथे घडत नाही. मनातील एक जुना हिशेब खोटा ठरतो, आणि मोकळ्या झालेल्या जागेत श्रद्धा येते.

मराठी मनाला शांतीची जी प्रतिमा परिचित आहे ती एकनाथांची. गोदास्नान करून येणाऱ्या नाथांवर एक यवन पुनःपुन्हा थुंकतो, आणि न रागावता नाथ पुनःपुन्हा स्नानाला जातात, ही प्रसिद्ध आख्यायिका. तेथील क्षमा अथांग आहे. तथापि प्रत्येक वेळी स्नान करावेच लागते. लक्ष्मीबाईंच्या कथनात स्नानाचीच आवश्यकता संपते. बाहेरून आत जाणारे माणसाला विटाळत नाही, आतून निघते ते विटाळते, या येशूच्या म्हणण्याचा (मार्क, अध्याय ७) असा स्वयंपाकघरातला अर्थ मराठी गद्यात इतक्या रोखठोकपणे क्वचितच उतरला असेल.

टिळकांची गोष्ट निराळी. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना 'नवा करार' दिला, आणि त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन वेधले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. त्यांच्या 'अभंगांजली'त शांती ही लाभलेली वस्तू आहे. अभंगाचा घाटच असा की शेवटच्या चरणात मन टेकते. हे अभंग कमअस्सल आहेत असे मुळीच नाही. मात्र त्याच टिळकांचा तापटपणा, घरातून निघून जाणे, क्षणात विरघळणे, हे 'स्मृतिचित्रे'त पाहिल्यावर अभंगातील स्वस्थता किती कष्टाची होती ते उमगते. कवी जी स्थिती गातो, तिची दैनंदिन किंमत निवेदिका नोंदवते. पदव्युत्तर वर्गात हे दोन ग्रंथ आपण वेगवेगळ्या प्रश्नपत्रिकांत शिकवतो, एक काव्य म्हणून, दुसरा आत्मचरित्र म्हणून. त्यांचे परस्परभाष्य त्यामुळे हरवते.

आणि विनोद? स्वतःच्या सोवळ्याकडे, हट्टाकडे, भीतीकडे ही निवेदिका हसून पाहते. ज्यांनी तिला छळले त्यांच्याविषयीही तिच्या वाक्यात विखार उरत नाही. शांतीविषयी ती फारसे काही सांगत नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक वारले. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे नेऊन पूर्ण करण्याचे काम याच बाईंनी केले, आणि त्या ओव्या 'स्मृतिचित्रे'शेजारी ठेवून अजून आपण नीट वाचलेल्या नाहीत.