सांगतंय कोण, बघतंय कोण? आर्मेनियन कथनाची दोन उदाहरणं

'तृतीयपुरुषी सर्वज्ञ निवेदक' एवढं लिहून प्रबंधात पुष्कळजण पुढे सरकतात. पण त्यातून कथेबद्दल फारसं काही कळत नाही. फ्रेंच समीक्षक जेरार जेनेत यांनी १९७२ मध्ये दोन प्रश्न वेगळे केले: सांगतंय कोण आणि बघतंय कोण? हा फरक किती कामाचा आहे, ते दोन आर्मेनियन कृतींवर तपासून बघू.

पहिली, खाचातुर अबोव्यान यांची कादंबरी 'आर्मेनियाच्या जखमा'. लिहिली १८४१ मध्ये, छापली गेली १८५८ मध्ये. तोवर लेखक बेपत्ता होऊन दहा वर्षं झाली होती. ग्रंथांची जुनी आर्मेनियन सोडून त्यांनी लोकांची बोली घेतली. इथला निवेदक गोष्ट मध्येच थांबवतो, वाचकाला हाका मारतो, विलाप करतो. याला पाल्हाळ म्हणणं सोपं आहे. पण बोलीला कादंबरीत जागा मिळवून द्यायची, तर बोलणारा माणूस ऐकू यायलाच हवा ना? इथे सांगणारा आणि बघणारा जवळजवळ एकच आहे.

दुसरी, होव्हान्नेस तुमान्यान यांची कथा 'गिकोर'. मुलगा मार्गाला लागावा म्हणून शेतकरी हाम्बो बारा वर्षांच्या गिकोरला तिफ्लिसच्या व्यापाऱ्याकडे कामाला ठेवतो. तिथे तो आजारी पडून मरतो. शेवटाकडे त्याच्या खिशात चकचकीत बटणं, रंगीत कागद, कापडाचे तुकडे सापडतात. शहराच्या लेखी हा कचरा. गिकोरच्या लेखी बहिणीसाठी जमवलेला खजिना. निवेदक भाष्य करत नाही, वस्तू फक्त मोजून दाखवतो. पण त्या वस्तू निवडणारी नजर मुलाची आहे. सांगणारा एक, बघणारा दुसरा. व्यापाऱ्यावरचा आरोप या अंतरातच आहे. कथेला नुसतं 'करुण' म्हटलं, की नेमका तोच निसटतो.

आता संशोधनाच्या दृष्टीने महत्त्वाचं. आपल्यापैकी बहुतेकजण हे साहित्य भाषांतरातून वाचणार. बोली, लय, शब्दांची निवड, म्हणजे सांगणाऱ्याचा आवाज, भाषांतरात बदलतो. कोणाला काय दिसतं आणि काय कळत नाही, हे बरंचसं टिकतं. त्यामुळे आर्मेनियन येत नसेल तर अबोव्यान यांच्या शैलीवर ठाम विधानं करणं धोक्याचं आहे. 'गिकोर'मधल्या दृष्टिकोनावर मात्र काम करता येईल. विषय नक्की करण्याआधी एवढं विचारा: माझा दावा आवाजाबद्दल आहे की नजरेबद्दल?